नवे बँड, नवी गाणी: पुण्यात बसून शोधायची कशी?

तानपुरी मिसळ (धागाकर्ता)

इंडी, म्हणजे सिनेमाबाहेरचं स्वतंत्र संगीत, म्हटलं की ॲप तीच ठरलेली नावं पुढं करतं: प्रतीक कुहाड, द लोकल ट्रेन, व्हेन चाय मेट टोस्ट. मंडळी झकासच आहेत, पण त्यांना 'नवीन' म्हणायचे दिवस कधीच सरले. प्रश्न वेगळा आहे. गेल्या आठवड्यात पहिलं गाणं काढलेला बँड, ज्याला ऐकणारे दोनशेसुद्धा नाहीत आणि जो कदाचित कोथरूडच्याच एखाद्या जॅमरूममध्ये (सरावाच्या खोलीत) घाम गाळतोय, तो आपल्या कानावर पडावा कसा?

'इन्स्टावर असतं की सगळं' छाप उत्तरं नकोत. कुठं जायचं, काय दाबायचं, काय टाइप करायचं आणि कुठं फसतं, तेवढं लिहा. मराठी, हिंदी, इंग्रजी, नुसतं वाद्यसंगीत, सगळं चालेल. सिनेमाची गाणी कृपया नकोत.

शुक्रवारची गाडी

आधी वेळापत्रक. जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी काढायची पद्धत पडली आहे. आपल्याकडं ती गुरुवारी रात्री बाराच्या ठोक्याला दिसायला लागतात. तेव्हा रोज उकरत बसू नका. शुक्रवारी संध्याकाळी पाऊण तास काढला तरी पुरतो.

स्पॉटिफायवरच्या दोन याद्यांची लोक हमखास गल्लत करतात. 'डिस्कव्हर वीकली' सोमवारी बदलते. तिच्यातलं गाणं तुम्हाला नवीन असतं, पण ते दहा वर्षांपूर्वीचंही असू शकतं. 'रिलीज रडार' शुक्रवारी बदलते आणि तिच्यात खरोखर ताजा माल असतो. ही यादी प्रामुख्यानं तुम्ही फॉलो करता आणि ऐकता त्या कलाकारांवर चालते. म्हणून छोट्या बँडचं गाणं आवडलं तर ते नुसतं साठवून सोडू नका, बँडच्या पानावर जाऊन 'फॉलो' दाबा. गाणं साठवणं आणि कलाकाराला फॉलो करणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. रडारमध्ये एका कलाकाराचं एका खेपेला एकच गाणं येतं. मागं अख्खा अल्बम आलेला असला तरी एकच. तेव्हा ओळखीचं नाव दिसलं की पान उघडून बघा.

अजून एक गोंधळ. हल्ली बरेच बँड अल्बम एकदम न काढता महिन्याला एक गाणं सोडतात आणि प्रत्येक नव्या गाण्याला मागची गाणी शेपटीसारखी जोडून पाठवतात. त्यामुळं एकच गाणं तीन ठिकाणी दिसतं. रेकॉर्डिंगचा आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा १२ अक्षर-अंकांचा कोड, तोच ठेवला असेल तर प्लेचा आकडा सहसा एकत्र मोजला जातो. कोड बदलला तर मोजणी शून्यापासून. त्यामुळं नुसता कमी आकडा बघून 'हा बँड कालच जन्मला' असं समजू नका.

क्रेडिटवाचक

वरचं सगळं बरोबर, पण त्यातून मिळतं ते तुमच्या आवडीसारखं वाजणारं. गावात काय शिजतंय ते त्यातून कळत नाही. पुण्यासारख्या शहरात एकच ड्रमर तीन बँडांत वाजवतो आणि एकच इंजिनिअर बाणेरपासून हडपसरपर्यंतच्या डझनभर लोकांची गाणी मिक्स करतो. बँड फुटतात, नावं बदलतात, माणसं तीच राहतात. तेव्हा माणसांचा माग काढा.

कसा, ते सांगतो. यूट्यूबवर कलाकाराच्या नावापुढं 'टॉपिक' असं लिहिलेलं चॅनेल असतं. ते बँड चालवत नाही, डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे बँडची गाणी ॲपांवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, आलेल्या मालावर आपोआप तयार होतं. तिथलं गाणं लावा आणि वर्णन पूर्ण उघडा. पहिली ओळ 'प्रोव्हायडेड टु यूट्यूब बाय' आणि पुढं डिस्ट्रिब्युटरचं नाव. मग गाणं, मधे टिंब, कलाकार. खाली अल्बम. मग वर्तुळातला पी, साल आणि ध्वनिमुद्रणाचा हक्कदार. मग 'रिलीज्ड ऑन' ही तारीख. त्याखाली, बँडनं फॉर्म नीट भरला असेल तर, प्रोड्यूसर, मिक्सिंग, संगीतकार, गीतकार.

यातल्या दोनच गोष्टी उचला: पी-ओळीतलं नाव आणि मिक्सिंग करणारा. पी-ओळीत बँडचंच नाव असेल तर मंडळी स्वतःच्या जिवावर उभी आहेत. लेबलचं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचं, नाव असेल तर त्या लेबलची बाकीची गाणी बघा. आणि तिथं नुसता आकडा आणि पुढं 'रेकॉर्ड्स डीके' असं दिसलं तर फसू नका. ते लेबल नव्हे. डिस्ट्रोकिड या डिस्ट्रिब्युटरकडं लेबलचा रकाना तसाच सोडला की असलं नाव आपोआप चिकटतं.

स्पॉटिफायवर गाण्याच्या तीन टिंबांत 'क्रेडिट्स' आहेत. लेबलवरून शोधायचं तर शोधपेटीत रोमन लिपीत लेबल हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम, मग अवतरणचिन्हांत लेबलचं नाव. सालासाठी इंग्रजी 'यिअर', अपूर्णविराम आणि इंग्रजी आकड्यांत साल. मधे जागा सोडली की बिघडलं, तो साधा शब्दशोध होतो.

सुरुवात पुण्याच्या ईझी वाँडरलिंग्जपासून करून बघा. त्यांच्या एका गाण्याच्या क्रेडिटमधली नावं घ्या, त्यातल्या एकाची इतर गाणी काढा, तिथल्या वाजवणाऱ्याचा स्वतःचा प्रकल्प शोधा. तीन पायऱ्या पुरतात. चौथ्या पायरीवर बहुधा जाहिरातीची जिंगल हाती लागते.

लेबलांत हिपहॉपसाठी दिल्लीचं आझादी रेकॉर्ड्स (२०१७ पासून) आणि जरा वेगळ्या वाटेच्या गोष्टींसाठी पागल हैना ही दोन नावं लक्षात ठेवा. दिल्लीचाच बॉक्सआउट डॉट एफएम हा ऑनलाइन रेडिओ इलेक्ट्रॉनिक मंडळींसाठी चांगला.

गल्लीतला सिंथ

याद्यांना एवढं झोडपायचं कारण नाही. याद्या बिघडतात त्या आपल्यामुळं. घरात एक अकाउंट आणि वापरणारे चौघं. गणपतीचे दहा दिवस आरत्या, मग पोरांची बडबडगीतं. विसर्जन होऊन महिना झाला तरी डिस्कव्हर वीकलीत टाळ वाजतच राहतात.

आरत्यांची प्लेलिस्ट उघडा, तीन टिंबं, 'एक्स्क्लूड फ्रॉम युअर टेस्ट प्रोफाइल'. झालं. एखाद्या संध्याकाळपुरतं असेल तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट सेशन' सुरू करा. ते कायमचं राहत नाही, ॲप बराच वेळ बंद राहिलं की संपतं, त्यामुळं पुन्हा लावायला विसरू नका.

मग पेरणी. नवी प्लेलिस्ट करा, त्यात ८ ते १० गाणी टाका, सगळी लहान बँडची. खाली सुचवणी येतात त्या ऐका आणि पटेल ते वर ओढा. यात एकही मोठं नाव घालू नका. सुचवणी बऱ्याच अंशी लोकांच्या प्लेलिस्टमध्ये कोणती गाणी शेजारी-शेजारी बसतात यावर ठरते. मोठं नाव सगळ्यांच्याच प्लेलिस्टमध्ये बसलेलं असतं, त्यामुळं ते शिरलं की बाकीची आठ गाणी निष्प्रभ. आणि सुचवलेलं गाणं निदान ३० सेकंद वाजू द्या. त्याआधी पुढं ढकललं तर ते ऐकणं प्ले म्हणून मोजलंच जात नाही.

क्रेडिटवाचक यांचा एक मुद्दा मात्र मान्य. ज्या गाण्याला चाळीसच ऐकणारे आहेत ते अजून कुणाच्या शेजारीच बसलेलं नाही, तर यंत्र सुचवणार कुठून? तिथं हातानंच शोधावं लागतं.

ळ की ल

मराठी गाण्यांबाबत कुणीच बोललं नाही, म्हणून. इथं खरी अडचण आहे स्पेलिंगची. साधा 'वेळ' घ्या. कुणी व्ही-ई-एल लिहितो, कुणी डब्ल्यू-ई-एल, कुणी शेवटी ए लावून व्ही-ई-एल-ए. चौथा थेट देवनागरीत. गंमत म्हणजे मुखपृष्ठावर सुरेख देवनागरी सुलेखन असतं आणि आत डेटामध्ये रोमन. आपण चित्र बघून देवनागरीत टाइप करतो आणि हाती काही येत नाही. शोधयंत्र किरकोळ चूक सांभाळून घेतं, पण लिपी बदलली की त्याचा भरवसा नाही.

म्हणून चार फेऱ्या मारा. एकदा देवनागरी. एकदा 'व'साठी व्ही, एकदा डब्ल्यू. दीर्घ 'आ'साठी एक ए आणि दोन ए. 'झ'साठी झेड आणि जे-एच. शब्दाच्या शेवटी ए लावून आणि न लावून. वेळखाऊ वाटतं, पण दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, भाषेच्या कप्प्यात शोधू नका. 'तांबडी चामडी' (२०२४) हे गाणं मराठी, पण बाज हाउस या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याच्या प्रकाराचा, आणि काढलं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं. 'मराठी इंडी' असं टाइप करून ते कसं मिळणार? बँड फॉर्म भरताना एकच मुख्य प्रकार निवडतो, आणि तो बऱ्याचदा रॉक, हिपहॉप किंवा डान्स असतो.

यूट्यूबवर 'मराठी रॅप' टाकलं तर वरातीतले डीजे रिमिक्सच धो-धो येतात. त्याऐवजी मराठीला 'सायफर', 'डेमो', 'लाइव्ह सेशन' किंवा 'ओरिजिनल' जोडा आणि फिल्टरमध्ये अपलोडची तारीख 'या आठवड्यात' ठेवा. 'ऑफिशियल व्हिडिओ' हे शब्द मात्र टाळा. ज्याच्याकडं व्हिडिओला पैसे आहेत तो तुम्हाला तसाही सापडणार आहे.

फ्लॅककाका

बँडकॅम्प, म्हणजे थेट बँडकडून गाणी विकत घ्यायची साइट, राहिलंच की! तिथं अल्बमच्या पानावर तळाला टॅग असतात आणि बँडनं दिलेलं शहरही त्यात टॅग म्हणून येतं. त्यावर टिचकी मारा, 'पुणे' टॅगचं पान उघडेल. मग क्रम 'नवीन' करा. डोकं असं चालवा की काही जण शहर न लिहिता नुसतं 'इंडिया' लिहितात आणि मुंबईला गेलेले 'मुंबई' करून टाकतात, म्हणून तिन्ही टॅग बघा. अल्बमखाली विकत घेणाऱ्यांची चित्रं दिसतात. त्यातल्या कुणाचाही संग्रह उघडा. चारशे रुपये मोजून अनोळखी बँडचा अल्बम घेणारा माणूस सहसा कानाचा पक्का असतो, कुठल्याही संपादकीय यादीपेक्षा त्याचा संग्रह बरा.

विकत घ्यायचं असेल तर शक्यतो 'बँडकॅम्प फ्रायडे'ला (तो ठरावीक शुक्रवारीच असतो) घ्या. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली प्रथा आहे. एरवी बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि टीशर्ट-कॅसेटवर १० टक्के ठेवून घेतं, त्या दिवशी स्वतःचा वाटा सोडतं. पैसे फिरवण्याचं शुल्क तेवढं कटतं. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर चालतो, म्हणजे आपल्याकडं शुक्रवारी दुपारी १२:३० ते शनिवारी १२:३०, आणि त्यांच्याकडं हिवाळी वेळ असेल तेव्हा १:३० ते १:३०. शुक्रवारी सकाळी चहासोबत खरेदी उरकली तर बँडला त्याचा काही फायदा नाही.

आता अडचण. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलं. त्यामुळं पुण्याच्या गिऱ्हाइकानं पुण्याच्याच बँडला पेपॅलनं द्यायचे म्हटलं की व्यवहार अडकतो, आणि त्याच बँडचा अल्बम बर्लिनचा माणूस आरामात घेतो. तोडगा: बँडला इन्स्टावर निरोप टाका, यूपीआयनं पैसे द्या आणि बदल्यात डाउनलोड कोड मागा. बँडकॅम्पवर बँडला असे कोड काढता येतात. तो कोड बँडकॅम्पच्या 'यम' या पानावर भरला की अल्बम तुमच्या संग्रहात. परदेशी बँडसाठी कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार आधी सुरू करा, नव्या कार्डावर ते बंदच येतात.

उतरवताना फ्लॅक प्रकारची फाइल घ्या. सीडी दर्जाचं वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खातं, फ्लॅक आवाज जराही न गमावता त्याच्या निम्म्या-पाऊणपटीत बसतं.

स्टेजसमोर डावीकडे

एवढा वेळ सगळे फोनमध्येच. जरा बाहेर या.

गिगचं, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाचं, पोस्टर खालून वर वाचायचं असतं. वरचं मोठं नाव तुम्हाला माहीतच आहे. त्याखाली बारीक टायपात 'सपोर्ट' किंवा 'ओपनिंग' म्हणून जे येतं, ते तुमचं. सर्वांत तळाला ध्वनी, जॅमरूम, फोटो यांची नावं आणि हँडल असतात. ती तिन्ही फॉलो करा, कारण पुढच्या महिन्यात कोण वाजवणार हे जागेच्या पानाआधी साउंडवाल्याच्या स्टोरीत दिसतं. फेस्टिव्हलांनाही हाच नियम. एनएच७ वीकेंडर २०१० मध्ये पुण्यातच सुरू झालं. त्याची जुनी पोस्टरं काढून तळाच्या दोन ओळी वाचा आणि ती माणसं आज कुणाबरोबर वाजवतात ते बघा.

पोस्टरवर 'डोअर्स ७:३०' (दारं उघडायची वेळ) असेल तर ओपनर साधारण सव्वाआठ-साडेआठला उभा राहतो. मोकळ्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिवर्धक चालत नाही, त्यामुळं गाडी उशिरा सुटली तर कात्री ओपनरच्याच वेळेला लागते, चाळीस मिनिटांची पंचवीस होतात. नऊला पोचणाऱ्यानं नवा बँड ऐकायची अपेक्षाच धरू नये.

तिथं शॅझम हे गाणं ओळखणारं ॲप लावून काही होत नाही. ते ठरावीक ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतं. तेच गाणं बँड समोर प्रत्यक्ष वाजवत असला तरी ठसा वेगळा, आणि निम्मी गाणी अजून निघालेलीच नसतात. कानावर पडलेली एक सलग ओळ फोनमध्ये टिपा आणि नंतर अवतरणचिन्हांत शोधा. नाहीच मिळाली तर सेट संपल्यावर बासवाल्याला विचारा. गायकाभोवती मित्रांचा गराडा असतो, बासवाला केबल गुंडाळत मोकळा सापडतो.

कॉलेजांकडंही लक्ष ठेवा. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या सादरीकरणांत लाइव्ह संगीत असतं आणि तिथं पेटी, गिटार, काहोन घेऊन बसलेली पोरं दोन वर्षांनी बँडच्या पोस्टरवर दिसतात. गटाच्या पानावर संगीताची नावं टाकलेली असतात, तेवढी टिपून ठेवा.

तानपुरी मिसळ

भरपूर मिळालं, आभार! एक शंका. एखाद्या 'नव्या' बँडला महिन्याला लाखभर ऐकणारे दिसतात, पण शहरात कुणी नावही ऐकलेलं नसतं. हे खरं की विकतचं? आणि हल्ली माणसंच नसलेले बँड निघालेत म्हणतात, ते कसे ओळखायचे?

क्रेडिटवाचक

'मंथली लिसनर्स' म्हणजे मागच्या २८ दिवसांत निदान एकदा ऐकलेली वेगवेगळी माणसं. हा आकडा एका मोठ्या प्लेलिस्टमध्ये शिरलं की फुगतो आणि बाहेर पडलं की फुटतो. फॉलोअरचा आकडा चिवट असतो. ऐकणारे लाख आणि फॉलोअर दीडशे, तर लोक गाणं ऐकतायत पण बँड कुणाला माहीत नाही. त्यात लबाडी असेलच असं नाही, 'अभ्यासासाठी शांत संगीत'सारख्या यादीतही असं होतं. कलाकाराच्या पानावर ऐकणाऱ्यांची शहरं दिसतात ती बघा. पुण्याच्या मराठी बँडला पहिली पाचही शहरं परदेशातली असतील तर पाल चुकचुकायला हवी.

बिनमाणसांच्या बँडला क्रेडिटमध्ये वाजवणाऱ्यांची नावं नसतात, गिगचा एकही फोटो नसतो आणि तीन महिन्यांत चार अल्बम असतात. यातलं एकच लक्षण असेल तर संशयाचा फायदा द्या, लाजाळू पोरंही असतात. तिन्ही असली तर सोडून द्या.

तिसरा प्रकार निव्वळ गफलतीचा. डिस्ट्रिब्युटर बऱ्याचदा नावावरून पान जुळवतो. एकाच नावाचे दोन बँड असले की पुण्याच्या मेटल बँडच्या पानावर ब्राझीलच्या कुणाचं लाउंज संगीत येऊन बसतं, आणि फॉलोअरांच्या रडारमध्येही तेच जातं. पी-ओळ वेगळी दिसली तर गफलत समजा. बँडला स्क्रीनशॉट पाठवा, दुरुस्ती त्यांनाच डिस्ट्रिब्युटरमार्फत किंवा कलाकारांसाठीच्या स्पॉटिफायच्या ॲपमधून मागावी लागते. श्रोत्याच्या तक्रारीनं बहुधा हलत नाही.

शुक्रवारची गाडी

सूचना हव्या असतील तर: इन्स्टाच्या फीडवर विसंबू नका, वरच्या लोगोवर टिचकी मारून 'फॉलोइंग' निवडा, मग पोस्ट तारखेच्या क्रमानं येतात. स्टोरी २४ तासांत गायब होते, म्हणून पाच-सहा मोजक्या पानांची घंटा चालू ठेवा. सगळ्यांची केलीत तर आठवड्यात वैतागून सगळ्यांची बंद कराल.

यूट्यूब चॅनेलचा पत्ता फीडली किंवा इनोरीडर या फीड वाचायच्या ॲपमध्ये चिकटवला तर नवे व्हिडिओ तिथं येतात, मधे कुठलंही अल्गोरिदम नाही. मस्पी ही सेवा नव्या अल्बमची ईमेल पाठवते, पण ती म्युझिकब्रेंझ या खुल्या कोशावर चालते. लहान बँड कोशातच नसेल तर ईमेल येणार नाही. कोशात नोंद कुणालाही करता येते. बँड, शहर, अल्बम, तारीख, दहा मिनिटांचं काम.

ळ की ल

+१. नोंद करताना मूळ नाव देवनागरीत टाका आणि रोमन स्पेलिंगं 'एलियस' म्हणून जोडा, दोन-तीन जी काही चालतात ती सगळी. म्हणजे व्ही-ई-एलवाला आणि डब्ल्यू-ई-एलवाला दोघंही एकाच पानावर पोचतील.

फ्लॅककाका

आणि 'ळ'साठी नुसता एल. कॅपिटल एल वगैरे लिहू नका, शोधयंत्राला लहान-मोठ्यातला फरक कळत नाही आणि ॲपवर ते नाव भलतंच विचित्र दिसतं.